दम्याची घरघर, श्वसनीतली गाठ आणि समोर असलेले तीन सल्ले

पत्राचा सारांश : पत्रलेखिका चाळिशी ओलांडलेल्या शिक्षिका आहेत. त्यांनी कधीही धूम्रपान केलेले नाही. गेली चार वर्षे त्यांच्यावर दम्याचे उपचार सुरू होते. इन्हेलरने कधी आराम पडे, कधी पडत नसे, आणि अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्याही घ्याव्या लागत. या काळात डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात दोनदा न्यूमोनिया झाला आणि दोन्ही वेळा तो औषधांनी बरा झाला. गेल्या महिन्यात बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, म्हणून सीटी स्कॅन आणि ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासमार्गात दुर्बीण घालून तपासणी, करण्यात आली. डाव्या मुख्य श्वसनीत, म्हणजे मुख्य श्वासनलिकेच्या डाव्या फुप्फुसात जाणाऱ्या शाखेत, सुमारे दीड सेंटिमीटरची गाठ आढळली आणि बायोप्सीचा अहवाल ‘टिपिकल कार्सिनॉइड’ असा आला. एका शल्यविशारदांनी छातीची शस्त्रक्रिया सुचवली आहे, तर दुसऱ्या तज्ज्ञांच्या मते गाठ दुर्बिणीतूनच काढता येईल. थोरल्या दिरांचे म्हणणे असे की ही सावकाश वाढणारी गाठ आहे, खरा कॅन्सर नव्हे, तेव्हा वर्षभर थांबून पाहावे. श्वासनलिकेचे कर्करोग पंधरा-वीस वर्षांनीही उलटतात, हे वाचून पत्रलेखिकेची झोप उडाली आहे. चार वर्षे दम्याचे औषध देणाऱ्या फॅमिली डॉक्टरांवर त्यांचा राग आहे. ‘माझी चार वर्षे वाया गेली, आता मी कुणाचे ऐकू?’ असे त्या विचारतात. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला लहानपणापासून दमा आहे. त्याचाही सीटी स्कॅन करून घ्यावा का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

उत्तर :

नमस्कार. तुमचे पत्र वाचताना जाणवले की तुम्ही एकाच वेळी मागे आणि पुढे पाहत आहात. मागची चार वर्षे मनातून जात नाहीत आणि पुढचा निर्णय मात्र काही आठवड्यांत घ्यायचा आहे. म्हणून आधी निर्णयाविषयी लिहितो आणि मागच्या वर्षांकडे नंतर वळतो. तुमचे स्कॅन आणि बायोप्सीच्या काचा मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे तुमच्यासाठी कोणता उपचार योग्य हे मी ठरवू शकत नाही. मात्र तो ठरवताना कोणत्या गोष्टी तपासून घ्यायला हव्यात, हे नक्की सांगू शकतो.

सुरुवात दिरांच्या म्हणण्यापासून करू, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि अर्ध्या सत्यावर घेतलेले निर्णयच अधिक महागात पडतात. कार्सिनॉइड गाठी सावकाश वाढतात, हे खरे आहे. टिपिकल प्रकारच्या गाठीची पूर्ण शस्त्रक्रिया झाल्यावर पाच वर्षांनंतर दहापैकी नऊ किंवा त्याहूनही अधिक रुग्ण हयात असतात. फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाशी तुलना केली तर हे चित्र पुष्कळच आशादायक आहे. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत या गाठींची गणना ‘ब्रॉन्कियल अडेनोमा’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या गटात होत असे, आणि दिरांच्या मनातली समजूत बहुधा तिथूनच झिरपत आली असावी. आजच्या वर्गीकरणात मात्र टिपिकल कार्सिनॉइड हा कर्करोगच मानला जातो, कारण साधारण दहापैकी एका रुग्णात तो जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला आढळतो, आणि क्वचित यकृतात किंवा हाडांतही जातो.

थांबून पाहण्याच्या सल्ल्यातली दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. गाठ कितीही संथ असली तरी ती बसली आहे ती जागा अरुंद आहे. तिच्यापलीकडच्या फुप्फुसातला कफ बाहेर पडत नाही, तिथे पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग होतो, नलिकांच्या भिंती सैल होऊन कायमच्या फुगतात आणि फुप्फुसाचा तो भाग हळूहळू निकामी होतो. तुमचे दोन न्यूमोनिया ही याच प्रक्रियेची चिन्हे असण्याची दाट शक्यता आहे. आज शस्त्रक्रिया केली तर जो भाग वाचवता येईल, तोच भाग वर्ष-दोन वर्षांनी कदाचित काढून टाकावा लागेल. म्हणजे इथे गाठीच्या वाढीचा वेग आणि फुप्फुसाच्या नुकसानीचा वेग असे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि दिरांनी त्यातला एकच मांडला आहे. याचा अर्थ उद्याच शस्त्रक्रियेच्या टेबलावर जायला हवे असा नाही. तपासण्या पूर्ण करायला, दुसरे मत घ्यायला आणि शाळेची-घरची व्यवस्था लावायला काही आठवडे लागले तर या आजारात सहसा बिघडत नाही. दरम्यान थुंकीतून रेघेपेक्षा जास्त रक्त पडू लागले, ताप भरला किंवा दम वाढला, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे त्यांतून होणारा रक्तस्राव हलक्यात घेऊ नये.

आता दोन तज्ज्ञांच्या दोन मतांकडे येऊ. ही मते परस्परविरोधी आहेत असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला तसे वाटत नाही. दोघेही एकाच गाठीच्या वेगवेगळ्या भागांविषयी बोलत असावेत. ब्रॉन्कोस्कोपीत दिसतो तो नलिकेच्या आत डोकावणारा भाग. अनेक कार्सिनॉइड गाठी हिमनगासारख्या असतात आणि आमच्या शाखेतही त्यांना त्याच नावाने ओळखतात : आत दिसणारा भाग लहान, आणि भिंतीतून पलीकडे गेलेला भाग त्याहून मोठा. तेव्हा तुमच्या निर्णयाचा गाभा एका प्रश्नात आहे. ही गाठ पूर्णपणे नलिकेच्या आत आहे, की भिंतीबाहेरही गेली आहे? याचे उत्तर दुर्बिणीतून मिळत नाही. ते पातळ छेदांच्या सीटी स्कॅनवर, शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावे म्हणून दिले जाणारे द्रव्य) देऊन, पुष्कळ अंशी मिळते. तुमचा स्कॅन त्या पद्धतीने झाला आहे का आणि तो छातीच्या स्कॅनचा अनुभव असलेल्या रेडिओलॉजिस्टने पाहिला आहे का, हे विचारा. बाहेरचा भाग दिसत असेल तर दुर्बिणीतून काढणे हा पूर्ण उपचार ठरत नाही.

गाठ लहान असेल, संपूर्णपणे नलिकेच्या आत असेल, तिचा देठ बारीक असेल आणि लसिकाग्रंथी वाढलेल्या नसतील, तर मोजक्या निवडक रुग्णांत दुर्बिणीतून गाठ काढून पुढे बारकाईने लक्ष ठेवण्याचा मार्ग अनुभवी केंद्रांमध्ये यशस्वी झालेला आहे. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांसाठीही तो उपयोगी पडतो. त्याची मर्यादा अशी की लसिकाग्रंथी तपासल्या जात नाहीत आणि भिंतीत काही पेशी उरल्या आहेत का, हे खात्रीने कळत नाही. म्हणूनच प्रकृती धडधाकट असलेल्या तुमच्या वयाच्या व्यक्तीसाठी बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे शस्त्रक्रियेलाच पहिली पसंती देतात. आणि इथे एक मधला मार्ग आहे, जो तुमच्या पत्रात कुठेच आलेला नाही. आधी दुर्बिणीतून नलिका मोकळी करून घ्यायची, साचलेला कफ आणि जंतुसंसर्ग निघून जाऊ द्यायचा, पलीकडचे फुप्फुस किती सावरते ते पाहायचे, आणि मग शांतपणे शस्त्रक्रिया करायची. अशा वेळी दोन्ही तज्ज्ञांचे म्हणणे एकाच योजनेत बसते. दोघांना एकत्र बसून, किंवा निदान फोनवर, तुमच्या स्कॅनवर चर्चा करायला सांगा. रुग्णाने अशी विनंती करण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

शस्त्रक्रिया म्हटले की पूर्ण फुप्फुस काढणार अशी भीती बहुतेकांना वाटते, कदाचित तुम्हालाही वाटत असेल. या गाठींच्या बाबतीत शल्यविशारदाचे ध्येय याच्या उलट असते : गाठ पूर्ण काढायची, लसिकाग्रंथी तपासायला घ्यायच्या आणि निरोगी फुप्फुस जितके वाचवता येईल तितके वाचवायचे. यासाठी स्लीव्ह रिसेक्शन नावाची पद्धत वापरली जाते. तिच्यात नलिकेचा गाठ असलेला तुकडा कापून काढतात आणि दोन्ही टोके पुन्हा एकमेकांना जोडतात. डाव्या बाजूला हे काम काहीसे अवघड असते, कारण डावी मुख्य श्वसनी महाधमनीच्या कमानीखालून जाते आणि तिथे हात पोहोचायला जागा कमी असते. म्हणून शल्यविशारदांना स्पष्टपणे विचारा की माझ्या गाठीसाठी स्लीव्ह रिसेक्शन शक्य आहे का, अशा शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः नियमितपणे करता का, आणि फुप्फुसाचा किती भाग गमवावा लागेल. पूर्ण डावे फुप्फुस काढावे लागेल असे उत्तर आले, तर होकार देण्यापूर्वी श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियांचा विशेष अनुभव असलेल्या केंद्रातून आणखी एक मत अवश्य घ्या.

अहवालातल्या ‘टिपिकल’ या निष्कर्षावर तुम्ही फार विसंबून आहात, आणि तिथे मला तुम्हाला थोडे थांबवायचे आहे. टिपिकल आणि अटिपिकल हा भेद सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टींवरून ठरतो. दोन चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभाजन होत असलेल्या पेशी २ पेक्षा कमी असतील आणि मृत पेशींचे पुंजके नसतील, तर गाठ टिपिकल ठरते. अशा पेशी २ ते १० असतील किंवा मृत पेशींचे पुंजके दिसले, तर ती अटिपिकल ठरते. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा इतका छोटा असतो की त्यावर ही मोजणी विश्वासाने करता येत नाही. त्यामुळे सध्याचा निष्कर्ष तात्पुरता समजावा आणि पूर्ण गाठ तपासल्यावर येणारा अहवालच अंतिम मानावा. अटिपिकल गाठ लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि थांबून पाहण्याच्या विरोधात हाही एक मुद्दा आहे. याची दुसरी बाजूही इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो. बायोप्सी घेताना चिमट्यात पेशी चिरडल्या गेल्या तर कार्सिनॉइड गाठ कधीकधी स्मॉल सेल या अत्यंत आक्रमक कर्करोगासारखी दिसते. कधीही धूम्रपान न केलेल्या तरुण व्यक्तीच्या अहवालात स्मॉल सेल कर्करोग लिहून आला, तर केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी त्या काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून पेशी किती वेगाने वाढत आहेत हे दाखवणाऱ्या ‘केआय-६७’ या चाचणीविषयी विचारणे शहाणपणाचे असते.

शस्त्रक्रियेआधी आणखी दोन गोष्टींची चौकशी व्हायला हवी. कार्सिनॉइड पेशी काही वेळा संप्रेरके तयार करतात. चेहरा अचानक लालबुंद होऊन गरम होणे, वारंवार जुलाब होणे, त्या लालीबरोबर घरघर वाढणे असे काही होत असेल तर ते भूलतज्ज्ञांनाही आवर्जून सांगा. फुप्फुसाच्या कार्सिनॉइडमध्ये हे क्वचितच घडते, पण घडत असेल तर भूल देताना विशेष तयारी ठेवावी लागते. दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत गोंधळ घालू शकते. क्वचित ही गाठ असे संप्रेरक बनवते की शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, वाढते. मग चेहरा गोल होतो, वजन आणि रक्तदाब वाढतो, रक्तातली साखर चढते, मांड्यांतली ताकद जाते आणि त्वचेवर सहज काळेनिळे डाग पडतात. तुम्ही दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत आणि त्या गोळ्यांनीही नेमकी हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे असा काही बदल झाला असेल तर तो गोळ्यांमुळेच असणार असे गृहीत न धरता डॉक्टरांच्या कानावर घाला. शेवटची गोळी केव्हा घेतली तेही सांगा, कारण कॉर्टिसॉलच्या चाचणीचा अर्थ लावताना ते महत्त्वाचे असते. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर त्या स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका.

पेट स्कॅनविषयी थोडक्यात. साखरेवर आधारलेल्या नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये संथ कार्सिनॉइड गाठ फिकी दिसू शकते, आणि तशी दिसली म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. या गाठींसाठी गॅलियम-६८ डोटाटेट नावाचा वेगळा पेट स्कॅन असतो. तो करावा की नाही हे तुमच्या तज्ज्ञांवर सोपवा.

पंधरा-वीस वर्षांनी उलटणाऱ्या कर्करोगाविषयी तुम्ही जे वाचले ते खोटे नाही, पण ते बहुधा तुमच्या आजाराविषयी नाही. श्वासमार्गात होणाऱ्या दुर्मीळ गाठी इंटरनेटवर एकाच मथळ्याखाली येतात, त्यांचे स्वभाव मात्र पुष्कळ वेगळे असतात. ज्याविषयी तुम्ही वाचलेत तो अडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा असावा. हा प्रामुख्याने मुख्य श्वासनलिकेत, लाळग्रंथींसारख्या असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून निघतो. त्याचाही धूम्रपानाशी संबंध आढळत नाही. तो अस्तराच्या खालून आणि मज्जातंतूंच्या कडेकडेने सरपटत जातो, त्यामुळे डोळ्यांना जिथे गाठ संपलेली दिसते तिथे ती संपलेली नसते. शस्त्रक्रियेनंतर कडांना पेशी उरल्या तर रेडिओथेरपी द्यावी लागते, आणि दहा-पंधरा वर्षांनीही तो पुन्हा दिसू शकतो. दुसरी म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा. ती मुलांत आणि तरुणांतही आढळते आणि कमी आक्रमक प्रकारची असेल तर पूर्ण काढल्यावर बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात. तुमच्या अहवालात कार्सिनॉइड असे स्पष्ट लिहिलेले आहे, तेव्हा तुमचे वाचनही त्याच नावापुरते ठेवा. कार्सिनॉइडही अनेक वर्षांनी परत येऊ शकतो, म्हणून दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने तपासणी सांगितली जाते. ते खबरदारीचे वेळापत्रक आहे आणि ते पाळायचे आहे, पण ‘हमखास उलटणार’ असा त्याचा अर्थ नाही. टिपिकल गाठ पूर्ण निघाली आणि लसिकाग्रंथी स्वच्छ असल्या तर सहसा केमोथेरपीही लागत नाही.

आता मागच्या चार वर्षांविषयी. तुमचा राग मला समजतो आणि तो गिळून टाका असे मी सांगणार नाही. पण ‘चार वर्षे वाया गेली’ या वाक्यात दोन गृहीतके आहेत, ती एकदा बाजूला काढून पाहू. पहिले असे, की गाठ पहिल्या दिवसापासून ओळखता आली असती. कार्सिनॉइड हा फुप्फुसाच्या एकूण कर्करोगांपैकी जेमतेम १ ते २ टक्के असतो, आणि दमा मात्र अतिशय सामान्य आजार आहे. घरघर घेऊन आलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीला दमा असावा असे वाटणे यात पहिल्या भेटीत तरी काही गैर नव्हते. शिवाय हा आजार फसवतोही. साध्या एक्स-रेमध्ये मुख्य श्वसनी हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सावलीत असते, त्यामुळे आत गाठ असूनही चित्र स्वच्छ दिसू शकते. स्टिरॉइडने गाठीभोवतीची सूज उतरते आणि काही दिवस खरोखर मोकळे वाटते. मग औषध लागू पडले म्हणजे दमाच होता, असे रुग्णालाही वाटते आणि डॉक्टरांनाही. तुम्हाला गाठीबरोबर खरा दमाही असू शकतो. शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा तपासून घ्यावा लागेल, तोवर इन्हेलर स्वतःहून बंद करू नका.

पहिल्या भेटीतली चूक माफ करण्याजोगी असली तरी प्रत्येक भेटीतली तशी असतेच असे नाही, हेही मला तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवे. निदान हा एक तर्क असतो आणि रुग्ण त्या तर्काप्रमाणे वागत नसेल तर तो पुन्हा तपासायचा असतो. दुसऱ्यांदा त्याच जागी न्यूमोनिया झाला, तेव्हा तिथे नलिकेत काही अडकले आहे का हे पाहायला हवे होते, असे माझे प्रांजळ मत आहे. पहिल्या न्यूमोनियानंतर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला होता का? घरघर दोन्ही बाजूंना होती की फक्त डावीकडे, याची कुठे नोंद आहे का? श्वसनक्षमतेची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, चार वर्षांत एकदा तरी झाली का? या प्रश्नांची उत्तरे तुमच्या जुन्या कागदपत्रांत असतील. ती सर्व गोळा करा, तारखांनुसार लावा आणि त्याची एक प्रत शल्यविशारदांना द्या, कारण उपचारासाठीही तिचा उपयोग होईल. ज्या भेटींची नोंद नाही, त्या वेळी तुम्ही काय सांगितले होते आणि काय सांगायचे राहिले होते, हेही प्रामाणिकपणे आठवा.

दुसरे गृहीतक असे, की या उशिराने तुमचा आजार हाताबाहेर गेला आहे. हे आज कुणालाच ठाऊक नाही. गाठ दीड सेंटिमीटरची आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या तर आजाराच्या टप्प्याच्या दृष्टीने तुमचे फारसे काही बिघडलेले नसेल. फुप्फुसाच्या खालच्या भागाचे नुकसान झाले असेल, तर ते खरे नुकसान आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून फॅमिली डॉक्टरांविषयीचा निर्णय, मग तो बोलण्याचा असो, डॉक्टर बदलण्याचा असो किंवा तक्रारीचा, अंतिम अहवाल हाती येईपर्यंत पुढे ढकला असे मी सुचवेन. तोवर एवढे मात्र करा : बायोप्सीच्या अहवालाची प्रत त्यांना पाठवा. काय निघाले हे कळले, तरच त्यांच्या दवाखान्यातल्या पुढच्या अशा रुग्णाकडे ते वेगळ्या नजरेने पाहू शकतील. त्यांचा प्रतिसाद कसा येतो यावरून तुम्हालाही बरेच काही कळेल.

‘मी काय केले म्हणून हे झाले’ अशी एक ओळ तुमच्या पत्रात ओझरती येऊन गेली आहे. टिपिकल कार्सिनॉइडचा धूम्रपानाशी ठळक संबंध आढळलेला नाही. तुमच्या खाण्यापिण्यात, कामात किंवा स्वभावात त्याचे कारण शोधू नका. खडूच्या धुळीचा तुम्ही केलेला उल्लेखही मनातून काढून टाका.

तुमच्यासारखी औषधे घेत असलेल्या वाचकांना हे सर्व वाचून धास्ती वाटू शकते, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द बोलतो. दम्याच्या औषधांनी बरे वाटत नसेल तर त्याचे कारण बहुतेक वेळा गाठ नसते. इन्हेलर घेण्याची पद्धत चुकीची असते, औषध नियमित घेतले जात नाही, नाकाचा किंवा आम्लपित्ताचा त्रास जोडीला असतो, नाहीतर स्वरयंत्राच्या हालचालीत दोष असतो. आधी हे तपासून घ्यावे. पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर ‘हा दमाच आहे का?’ हे विचारायलाच हवे. शिट्टीसारखा आवाज नेहमी छातीच्या एकाच बाजूला, एकाच सुरात येणे, किंवा कूस बदलल्यावर तो कमी-जास्त होणे. एकाच जागी पुन्हा न्यूमोनिया होणे. थुंकीत रक्त दिसणे, मग ते रेघेइतके का असेना. श्वास सोडताना नव्हे, तर आत घेताना घशापाशी खरखर होणे. मुख्य श्वासनलिकेतली गाठ फार उशिरा जाणवते. श्वासनलिकेचा पोकळ भाग साधारण ८ मिलिमीटरपर्यंत अरुंद झाल्यावर चालताना दम लागतो आणि ५ मिलिमीटरच्या आसपास आल्यावर बसल्या जागीही आवाज येऊ लागतो. म्हणजे लक्षणे दिसेपर्यंत बराच मार्ग बंद झालेला असतो, आणि म्हणूनच आत घेताना खरखरणारा श्वास ही थांबण्याची वेळ नव्हे. अशा गाठीत स्पायरोमेट्रीच्या आलेखाचा गोलाकार भाग सपाट झालेला दिसतो. अहवालावर फक्त आकडे छापलेले असतील तर आलेखही मागून घ्यावा आणि डॉक्टरांना त्याच्या आकाराकडे पाहायला सांगावे. एकाच बाजूच्या श्वसनीतली गाठ मात्र या आलेखात अशी ठळक दिसेलच असे नाही, त्यामुळे आलेख चांगला आला तरी वरच्या खुणा असतील तर सीटी स्कॅन आणि ब्रॉन्कोस्कोपीविषयी विचारावे. लहान मुलांत अचानक एका बाजूला घरघर सुरू झाली तर आधी श्वासाबरोबर आत गेलेली एखादी वस्तू श्वसनीत अडकली आहे का हे पाहावे लागते.

राहता राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. त्याला लहानपणापासून दमा आहे, औषधांनी तो आटोक्यात राहतो, तो खेळतो आणि न्यूमोनिया कधी झालेला नाही, असे तुम्ही लिहिले आहे. अशा मुलाचा केवळ तुमच्या आजारामुळे सीटी स्कॅन करणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यात किरणोत्सर्ग आहे आणि हाती काही लागण्याची शक्यता नगण्य आहे. कार्सिनॉइड गाठी बहुतांशी आनुवंशिक नसतात. याला अपवाद एमईएन-१ नावाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचा. तुम्हाला स्वतःला, तुमच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना पॅराथायरॉइड, पिट्युटरी किंवा स्वादुपिंडाच्या गाठी झाल्या असतील, रक्तातले कॅल्शियम वाढलेले असेल किंवा तरुण वयात वारंवार मुतखडे झाले असतील, तर ते तुमच्या तज्ज्ञांना सांगा. मग आधी तुमची जनुकीय तपासणी करायची की नाही ते ठरवतील आणि मुलाचा विचार त्यानंतर येईल. एरवी त्याच्यासाठी वर्षातून एकदा स्पायरोमेट्री करून घ्या, आणि इन्हेलर तो बरोबर घेतो का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर त्याला घ्यायला लावूनच पाहा.